पिझो यंत्रणा: नॅनोमीटरचा नेम वेगात का चुकतो आणि तो सुधारतात कसा?

पालघर जिल्ह्यातल्या चिंचणी, वरोर, वाढवण या किनाऱ्यावरच्या गावांत शेती आणि मासेमारीच्या जोडीला आणखी एक धंदा चालतो. डायमेकिंग. सोन्याच्या दागिन्यांचे पोलादी साचे, म्हणजे डाय, इथले कारागीर हाताने कोरत आलेत. पोलादाच्या ठोकळ्यात पाकळी, वेल, मण्याची गोलाई उतरवायची. मग त्यावर सोन्याचा पत्रा दाबला की नक्षी उमटते. डाय एक आणि दागिने शेकडो. त्यामुळे कोरताना रेघ जरा सरकली, तर ती चूक एका दागिन्यापुरती राहत नाही. त्या डायमधून निघणाऱ्या प्रत्येक दागिन्यात ती छापली जाते.

माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो. कसलेल्या कारागिराचा हात केसाएवढ्या रेघेवर चालतो. पण समजा साचा दागिन्याचा नसून चष्म्याच्या किंवा कॅमेऱ्याच्या भिंगाचा आहे. तिथे केसाच्या हजाराव्या भागाएवढी चूकही चालत नाही आणि हत्याराची पुढेमागे हालचाल सेकंदाला दोनशे वेळा करायची असते. हाताचा प्रश्नच नाही, साधी मोटर आणि स्क्रूही इथे चाचपडतात. अशा ठिकाणी जी यंत्रणा वापरतात, तिचं नाव पिझो पोझिशनिंग सिस्टिम.

ही यंत्रणा कमालीची बारीक हालचाल करते. अडचण एकच. तिला जिथे जायला सांगितलं तिथे ती अगदी नेमकी जात नाही, आणि वेग वाढवला की जास्तच भरकटते. ही भरकट कमी करण्यावर जगभरातले इंजिनिअर गेली चार दशकं काम करतायत.

सुरुवात गॅस लायटरपासून

स्वयंपाकघरातला ‘टक्’ आवाज करणारा गॅस लायटर बहुतेकांच्या घरात असतो. त्यात बॅटरी नसते. बटण दाबलं की आतली छोटी हातोडी एका सिरॅमिकच्या तुकड्यावर आपटते, तुकड्यात हजारो व्होल्टचा दाब तयार होतो आणि ठिणगी पडते. दाबल्यावर वीज देणाऱ्या या गुणाला पिझोइलेक्ट्रिक परिणाम म्हणतात. मराठीत दाबविद्युत असाही शब्द आहे. पिएर आणि जाक क्युरी या फ्रेंच भावांनी तो १८८० मध्ये दाखवून दिला. पुढच्याच वर्षी गॅब्रिएल लिपमन यांनी गणितातून सांगितलं की उलटंही व्हायला हवं: वीज दिली तर पदार्थ ताणला जावा. क्युरी बंधूंनी लगेच प्रयोग करून तेही खरं ठरवलं.

पिझो पोझिशनिंगचा सगळा डोलारा या उलट्या परिणामावर उभा आहे. लेड झिर्कोनेट टायटॅनेट, थोडक्यात पीझेडटी, नावाच्या सिरॅमिकच्या पातळ चकत्या एकावर एक रचून कांडी बनवतात. तिला शंभर-दीडशे व्होल्ट दिले की ती लांबीच्या सुमारे हजाराव्या भागाने वाढते. म्हणजे १० मिलिमीटरची कांडी साधारण १० मायक्रोमीटर लांबते. हे थोडकं वाटेल, पण या १० मायक्रोमीटरचे दहा हजार भाग केले तरी त्यातल्या एका भागाएवढं सरकणं कांडीला जमतं. गिअर नाही, बेअरिंग नाही, घर्षण नाही. ज्या धातूच्या चौकटीला ती ढकलते, तिलाही सरकणारे भाग नसतात. चौकटीत ठिकठिकाणी धातू मुद्दाम पातळ ठेवलेला असतो आणि तो तिथे किंचित वाकतो. या वाकणाऱ्या सांध्यांना फ्लेक्शर म्हणतात.

महाराष्ट्रात याचा संबंध कुठे येतो?

मुंबईत कुलाब्याला टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था, आहे. तिथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये स्वतः उभारलेल्या एका स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपची माहिती प्रसिद्ध केली. हा सूक्ष्मदर्शक उणे २७३ अंशांच्या आसपास, निरपेक्ष शून्याच्या जेमतेम ०.३५ अंश वर, काम करतो आणि त्यावर अतिसंवाहक पदार्थांचा अभ्यास होतो. अशा सूक्ष्मदर्शकात भिंग नसतं. एक सुई पृष्ठभागापासून नॅनोमीटरहूनही कमी अंतरावर ठेवून फिरवतात आणि मधून झिरपणारा विद्युतप्रवाह मोजतात. अंतर ०.१ नॅनोमीटरने बदललं तर प्रवाह जवळपास दहापट बदलतो. सुईला फिरवणारा स्नायू अर्थातच पिझो. या सूक्ष्मदर्शकाचा शोध लावणारे गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांना १९८६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

पुण्यात पाषाणला असलेल्या डीआरडीओच्या एआरडीई या प्रयोगशाळेत पीझेडटीवर काम करणारं स्वतंत्र केंद्र आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. लायगोच्या लेझरची वारंवारता स्थिर ठेवण्यासाठी लेझरच्या स्फटिकालाच पिझो चिकटवलेला असतो आणि लेझर ‘गाळून’ शुद्ध करणाऱ्या भागातला एक आरसाही पिझोवर बसतो. मोठमोठे आरसे मात्र तिथे इतर मार्गांनी हलवतात.

थोडक्यात, हा विषय परदेशी कारखान्यांपुरता नाही. आपल्याकडच्या अनेक पीएचडीच्या विद्यार्थ्यांचं काम अशा एखाद्या छोट्या धातूच्या चौकटीवर अवलंबून असतं. आणि तिने दिलेलं चित्र जर वाकडं असेल, तर त्यावरून काढलेला निष्कर्षही वाकडा.

जाहिरातीतला १ नॅनोमीटर

पिझो स्टेजच्या माहितीपत्रकावर सगळ्यात ठळक आकडा असतो तो रिझोल्युशनचा, उदाहरणार्थ १ नॅनोमीटर. बरेच जण तिथेच फसतात. रिझोल्युशन म्हणजे यंत्र किती लहान पाऊल टाकू शकतं. ते पाऊल योग्य जागी पडलं का, हा प्रश्न वेगळा. आणि पळतानाही ते योग्य जागी, योग्य क्षणी पडतंय का, हा तिसरा. या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला डायनॅमिक ट्रॅकिंग अचूकता म्हणतात.

कीर्तनातलं उदाहरण घेऊ. बुवा अभंग म्हणतायत आणि मागे एक नवखा टाळकरी आहे. त्याच्या टाळेचा नाद उत्तम, हात सफाईदार. पण तो बुवांचं ऐकतो आणि मग वाजवतो, म्हणून प्रत्येक ठोका किंचित उशिरा पडतो. विलंबित लयीत हे कुणाच्या लक्षात येत नाही. लय चढली की सगळं विस्कटतं.

आता हेच आकड्यांत. भिंगाचा साचा लेथवर मिनिटाला ६०० फेऱ्यांनी, म्हणजे सेकंदाला १० फेऱ्यांनी फिरतोय आणि प्रत्येक फेरीत हिऱ्याचं टोक २० वेळा आतबाहेर करायचं आहे. झाले सेकंदाला २०० वेळा. अशा वेगवान पिझो हत्याराला फास्ट टूल सर्व्हो म्हणतात. टोकाची हालचाल मधल्या स्थितीपासून दोन्ही बाजूंना ५ मायक्रोमीटर धरू. टोक हुकमाच्या फक्त ०.१ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाने, मागे राहिलं तरी काही क्षणी ते सांगितलेल्या जागेपासून ०.६ मायक्रोमीटर दूर असतं. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.५ मायक्रोमीटर असते आणि चांगल्या भिंगाच्या पृष्ठभागावरची चूक तिच्या काही अंशांतच बसावी लागते. तो साचा फुकट गेला. माहितीपत्रकावर १ नॅनोमीटर लिहिलेलं असूनही.

इथे कुणी म्हणेल, उशीर ठरलेलाच आहे तर हुकूम ०.१ मिलिसेकंद आधी द्या. उशीर सगळीकडे सारखाच असता तर तेवढ्याने काम भागलं असतं. खऱ्या यंत्रात तो प्रत्येक वेगाला वेगळा असतो आणि वेगाबरोबर हालचालीचा पल्लाही कमीजास्त होतो. साध्या, गोल वळणाच्या हालचालीला एक हिशेब लागतो, टोकदार हालचालीला दुसरा.

चूक येते कुठून?

पहिला गुन्हेगार खुद्द सिरॅमिक. पीझेडटीच्या आत विद्युत दिशा असलेले छोटे छोटे प्रदेश असतात. व्होल्टेज वाढवलं की ते एका दिशेला वळतात, कमी केलं की परततात, पण आलेल्या वाटेने नाही. त्यामुळे ५० व्होल्टला स्टेज कुठे असेल हे फक्त व्होल्टेजवरून सांगता येत नाही. ती ० वरून चढत आली की १०० वरून उतरत आली, हे माहीत असावं लागतं. याला हिस्टेरेसिस म्हणतात. सेन्सरशिवाय चालवलेल्या पिझोत ही तफावत एकूण पल्ल्याच्या १० ते १५ टक्क्यांपर्यंत जाते. १०० मायक्रोमीटर पल्ल्याच्या स्टेजमध्ये ती १० ते १५ मायक्रोमीटर झाली. नॅनोमीटरच्या गप्पा तिथेच संपतात.

त्याचाच भाऊ क्रीप. व्होल्टेज स्थिर ठेवलं तरी पिझो हळूहळू सरकत राहतो, जसा नवा ठेवलेला गादीचा कापूस बसत जातो. गंमत अशी की हे सरकणं दर दहापट काळात साधारण सारखंच होतं. पहिल्या एका सेकंदापासून दहाव्या सेकंदापर्यंत एक-दोन टक्के, मग दहापासून शंभरपर्यंत आणखी तेवढंच. म्हणून अनुभवी लोक मोठी उडी मारल्यावर थोडं थांबून मगच मोजायला बसतात.

दुसरा गुन्हेगार चौकट. प्रत्येक वस्तूला स्वतःची एक झोक्याची लय असते. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलका धक्का दिला तरी तो उंच जातो, यालाच अनुस्पंदन किंवा रेझोनन्स म्हणतात. पिझो स्टेजची ही लय सेकंदाला काही शे कंपनांची असते आणि घर्षण नसल्यामुळे एकदा सुरू झालेलं थरथरणं लवकर शमत नाही. सूक्ष्मदर्शकात सुई डावीकडून उजवीकडे समान वेगाने नेऊन झटकन परत फिरवायची असते. त्या हुकमाचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. दात्याच्या टोकावरचं हे झटकन वळणच घात करतं, कारण त्यात मूळ लयीच्या तिप्पट, पाचपट, सातपट वेगाची कंपनं लपलेली असतात. त्यातलं एखादं चौकटीच्या लयीशी जुळलं की स्टेज थरथरते आणि चित्राच्या कडेला पाण्यावरच्या तरंगांसारख्या रेघा उमटतात. नवख्या विद्यार्थ्याला त्या नमुन्याचाच भाग वाटू शकतात!

म्हणूनच जुना नियम असा की स्कॅनचा वेग चौकटीच्या लयीच्या दहाव्या ते शंभराव्या भागापर्यंतच ठेवायचा. चौकट ५०० हर्ट्झची असेल, तर सेकंदाला ५ ते ५० रेघा. सुरक्षित, पण कूर्मगती. सेकंदाला एक रेघ घेतली, तर २५६ रेघांच्या एका चित्राला चार मिनिटांहून जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात क्रीप आणि तापमान आपलं काम करून जातात.

तिसऱ्या गुन्हेगाराकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. तो म्हणजे वीज पुरवणारा अॅम्प्लिफायर. पिझो कांडी विजेच्या दृष्टीने मोठा कपॅसिटर असते. ६ मायक्रोफॅरडची कांडी १०० व्होल्टच्या पल्ल्यात सेकंदाला १०० वेळा हलवायची तर सुमारे ०.१९ अँपिअरपर्यंत प्रवाह लागतो. हजार वेळा हलवायची तर १.९ अँपिअर. अॅम्प्लिफायर तेवढा देऊ शकला नाही, तर संगणकात कितीही हुशार सूत्र घाला, कांडी मागेच राहणार.

ऐकून वाजवणं आणि आधीच जाणणं

सगळ्यात रुळलेला उपाय फीडबॅकचा. स्टेजवर सेन्सर बसवायचा, ती खरोखर कुठे आहे हे मोजायचं, हुकमाशी तुलना करायची आणि फरक भरून काढायचा. समोरासमोरच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर विजेवरून ओळखणारा कपॅसिटिव्ह सेन्सर यासाठी आवडता. हिस्टेरेसिस आणि क्रीप या दोघांना फीडबॅक सरळ करतो, कारण ते त्या मानाने सावकाश घडतात. पण फीडबॅक म्हणजे तोच ऐकून वाजवणारा टाळकरी. चूक झाल्याशिवाय त्याला काही कळतच नाही. त्याला जास्त चपळ करावं, तर चौकटीची लय मध्ये येते आणि स्टेज थरथरायला लागते. शिवाय सेन्सरचा स्वतःचा बारीक गोंगाट असतो. फीडबॅकचा आवाका शंभरपट वाढवला, तर तो गोंगाट साधारण दहापट आत येतो. म्हणजे वेग मिळवायला स्थिरता मोजावी लागते.

थरथर कमी करायला तीन वाटा आहेत. पहिली, चौकटीच्या लयीवरचेच हुकूम गाळून टाकणारी चाळणी, जिला नॉच फिल्टर म्हणतात. तिचा दोष हा की लय जरा सरकली की चाळणी चुकीच्या जागी राहते. दुसरी, फीडबॅकमधूनच थरथरीला विरोध करायचा, म्हणजे हलत्या झोपाळ्याला उलट्या वेळी हात लावून थांबवायचं. तिसरी वाट सगळ्यात देखणी. स्टेजला एकदम सरकवण्याऐवजी अर्धा हुकूम आता द्यायचा आणि उरलेला अर्धा तिच्या लयीच्या बरोबर अर्ध्या फेरीनंतर. ५०० हर्ट्झच्या चौकटीत एक फेरी २ मिलिसेकंदांची, म्हणजे दुसरा अर्धा हुकूम १ मिलिसेकंदाने. पहिल्या धक्क्याची थरथर दुसऱ्या धक्क्याची थरथर खोडून काढते. ही कल्पना १९५० च्या दशकातली. अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील सिंगर आणि वॉरन सीअरिंग यांनी १९९० मध्ये तिला इनपुट शेपिंग म्हणून पक्कं रूप दिलं. मोठ्या क्रेनवर लटकणारा बोजा झुलू नये म्हणूनही हीच युक्ती वापरतात.

पण वेगात मोठा फरक पाडतो तो फीडफॉरवर्ड. ज्या टाळकऱ्याला अभंग पाठ आहे, त्याला ऐकायची वाट पाहावी लागत नाही. पिझो स्टेजचा आधी नीट अभ्यास करायचा: कोणत्या वेगाला ती किती मागे पडते, कुठे जास्त हलते, कुठे कमी. मग ते गणित उलटं करून हुकूम आधीच असा वाकवायचा की स्टेजने आपल्या खोडीनुसार तो परत वाकवला की हालचाल सरळ निघावी. हिस्टेरेसिससाठीही असंच करतात. त्यासाठी फेरेंक प्राइझाख यांनी १९३५ मध्ये चुंबकांसाठी मांडलेलं गणित पिझोवाल्यांनी उचललं. मर्यादा उघड आहे: अभ्यास जेवढा खरा तेवढाच उपाय खरा. तापमान बदललं, सिरॅमिक जुनं झालं, की पाठ केलेला अभंग आणि बुवांचा अभंग यांत फरक पडू लागतो. म्हणून चांगल्या यंत्रणेत दोन्ही असतात. मोठं काम फीडफॉरवर्ड करतो, उरलेली चूक फीडबॅक झाडून घेतो.

एक वेगळी पळवाटही आहे. कांडीला व्होल्टेज मोजून देण्याऐवजी विद्युतभार मोजून द्यायचा. असं केलं की हिस्टेरेसिस बराच घटतो, हे न्यूकॉम आणि फ्लिन यांनी १९८२ मध्ये दाखवलं होतं. उपाय सोपा वाटतो, पण अगदी संथ हालचालीत भार हळूहळू गळतो आणि स्टेज भलतीकडे सरकते. त्यामुळे तो वेगवान कामातच शोभतो.

तीच चूक, पुन्हा पुन्हा

आता सगळ्यात कामाची गोष्ट. पिझोच्या बहुतेक चुका लहरी नसतात. तोच मार्ग त्याच वेगाने पुन्हा चालवला की तीच चूक, त्याच जागी, जवळपास तेवढीच येते. सूक्ष्मदर्शक तीच रेघ शेकडो वेळा काढतो, लेथ तीच फेरी हजारो वेळा मारतो. चूक जर इतकी नियमाने येत असेल, तर तिच्यापासून शिकता येईल.

जपानच्या सुगुरू अरिमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये यंत्रमानवांसाठी नेमकं हेच मांडलं. नाव इटरेटिव्ह लर्निंग कंट्रोल. पहिल्या फेरीत यंत्राला चुकू द्या आणि प्रत्येक क्षणाची चूक नोंदवून ठेवा. दुसऱ्या फेरीत त्या नोंदीनुसार हुकूम आधीच थोडा बदला. उरलेली चूक पुन्हा नोंदवा. काही फेऱ्यांत यंत्राला तो मार्ग ‘सवयीचा’ होतो. यात हिस्टेरेसिसचं अवघड गणित मांडायची फारशी गरज उरत नाही, कारण मार्ग तोच असेल तर वळसाही तोच असतो. लेथसारख्या न थांबता फिरणाऱ्या यंत्रात याचंच भावंड, रिपिटिटिव्ह कंट्रोल, वापरतात. ते मागच्या फेरीतली चूक पुढच्या फेरीत वजा करत जातं.

यातही खाचखळगे आहेत. फार वेगवान कंपनांत यंत्राचा नेमका स्वभाव माहीत नसतो, तिथेही शिकायला लावलं तर चूक प्रत्येक फेरीला वाढत जाते. चुकीचा सूर घोटून पक्का व्हावा तसं. म्हणून एका मर्यादेपलीकडचं शिकणं मुद्दाम बंद ठेवतात. आणि जी चूक दर वेळी वेगळी येते, जसं शेजारून गेलेल्या ट्रकचा हादरा, तिच्यापुढे या पद्धतीचं काही चालत नाही. उलट एका फेरीतला हादरा धडा समजून पुढच्या फेरीत उतरू शकतो.

गणिताआधी लोखंड

सॉफ्टवेअर कितीही शिकवलं तरी चौकट ढिली असेल तर वरची मर्यादा ठरलेलीच. चौकट जितकी ताठ आणि हलणारा भाग जितका हलका, तितकी तिची लय उंच आणि तेवढा वेग जास्त. १०० ग्रॅम हलतं वजन असलेल्या ४०० हर्ट्झच्या स्टेजवर ३०० ग्रॅमचा नमुना ठेवला, तर वजन चौपट होतं आणि लय थेट २०० हर्ट्झवर येते. रिकाम्या स्टेजवर जुळवलेली सगळी आकडेमोड त्या क्षणी निकामी. प्रयोगशाळांमध्ये ही चूक सर्रास होते: स्टेज विकत घेताना जुळवून दिली जाते, मग तिच्यावर धारक, तारा, आरसा चढतो आणि कुणी पुन्हा जुळवत नाही.

लोखंड आणि गणित दोन्ही नीट बसलं की काय होतं, याचं उत्तम उदाहरण जपानमध्येच आहे. कानाझावा विद्यापीठातले तोशिओ आंदो आणि सहकाऱ्यांनी अणुबल सूक्ष्मदर्शक इतका वेगवान केला की २०१० मध्ये मायोसिन-५ नावाचं प्रथिन धाग्यावरून पाऊल टाकत चालताना त्यांनी चित्रित केलं. एरवी एका चित्राला मिनिटं लागायची, तिथे सेकंदाला कित्येक चित्रं. त्यांच्या युक्त्यांपैकी एक अगदी साधी: एक पिझो वर सरकला की त्याच क्षणी दुसरा खाली सरकवायचा. दोघांचे धक्के एकमेकांत जिरतात आणि चौकटीला पत्ताच लागत नाही.

स्टेज खरी की खोटी, हे ओळखायचं कसं?

सूक्ष्मदर्शकाच्या बाबतीत सोपी परीक्षा आहे. सुई जातानाचं चित्र आणि येतानाचं चित्र एकमेकांवर ठेवा. सगळं जुळलं तर ट्रॅकिंग ठीक आहे; तेच टेकाड दोन ठिकाणी दिसलं तर मधलं अंतर म्हणजे उशीर आणि हिस्टेरेसिस यांचा हिशेब. मग वेग अर्धा करून पुन्हा पाहा. अंतर निम्म्यावर आलं तर दोष मुख्यतः उशिराचा, तेवढंच राहिलं तर हिस्टेरेसिसचा.

विकत घेणाऱ्याने मात्र प्रश्न नीट विचारायला हवेत. अचूकतेचा आकडा किती वजन ठेवून काढला? कोणत्या वेगाला, कोणत्या आकाराच्या हालचालीवर? सरासरी चूक सांगताय की सर्वात मोठी? आणि मोजली कुणी? स्टेजच्या आतल्याच सेन्सरने मोजली असेल तर तो स्वतःच स्वतःची परीक्षा तपासतोय. सेन्सर खाली आणि सुईचं टोक त्याच्या १० मिलिमीटर वर असेल, तर स्टेज रेडियनच्या दहा लाखाव्या भागाएवढी कलली तरी टोक १० नॅनोमीटर सरकतं आणि सेन्सरला ते दिसतही नाही. म्हणून खरी तपासणी टोकाच्याच उंचीवर, लेझर इंटरफेरोमीटरसारख्या वेगळ्या साधनाने करतात.

हे सगळं जमलं तरी दोन गोष्टी उरतात आणि कोकण किनाऱ्यावर दोन्ही हमखास भेटतात. एक तापमान. १०० मिलिमीटर लांबीचा पोलादी भाग एका अंशाने तापला की सुमारे १.२ मायक्रोमीटर, म्हणजे १,२०० नॅनोमीटर, वाढतो. वातानुकूलन चालू-बंद झालं तरी नेम हलतो. दुसरी दमट हवा. रेझिनसारख्या वेष्टनाच्या पिझो कांडीत ओल शिरते आणि जास्त व्होल्टेज तासन्‌तास स्थिर धरून ठेवलं, तर आतल्या थरांमधून वीज गळू लागते आणि शेवटी कांडी जळते. त्यामुळे अशा हवेत सिरॅमिकनेच बंद केलेल्या कांड्या घेतात, आणि काम संपलं की स्टेज वरच्या टोकाला ताणून न ठेवता व्होल्टेज शून्यावर आणून मगच दिवे बंद करतात.